दर सोमवारी एक नकार

“हे पत्र तुमच्या साहेबांनी स्वतः लिहिलंय?” फोनवरच्या बाईंनी विचारलं.

मी कारखान्याच्या गच्चीवर होतो. खाली साठ शिलाई मशिनी चालू होत्या, म्हणून एका कानात बोट घालून पाण्याच्या टाकीच्या सावलीत उभा होतो. जून संपत आला होता. शाळा उघडल्या की आम्हा युनिफॉर्मवाल्यांना जरा उसंत मिळते, तेवढ्यात हा फोन आला होता. दक्षिणेतल्या एका नावाजलेल्या बिझनेस स्कूलनं मला मार्चमध्येच नकार कळवला होता. नाकारलेल्यांपैकी कुणी मागितलाच तर ते दहा मिनिटांचा फोन देत. मी मागितला होता.

“त्यांनीच सांगितलंय,” मी म्हणालो. ते खोटं नव्हतं. मालकांनी सांगितलं होतं आणि मी टाइप केलं होतं.

“पत्रात काय आहे ते मी तुम्हाला सांगू शकत नाही,” बाई म्हणाल्या. “पण एवढं सांगते, तुमच्या परीक्षेच्या मार्कांत खोट नाही. निबंध बरे आहेत. फक्त तुमची सगळी फाइल वाचली तरी तुम्ही कधी कुणाच्या विरोधात उभे राहिलात असं कुठंच दिसत नाही. आमच्या वर्गात दिवसभर वाद चालतात, हत्तुरे. गप्प बसणारा माणूस तिथं काय करणार?”

“म्हणजे मार्क वाढवून उपयोग नाही?”

“वाढवा की. पण तीच फाइल पुन्हा पाठवू नका. वर्षभरात तुमच्यात काहीतरी बदललं, हे दिसू दे. आणि पुन्हा अर्ज एकदाच करता येतो, हे माहीत आहे ना?”

माहीत होतं. मी आभार मानले, फोन ठेवला आणि टाकीला टेकून उभा राहिलो. बाईंनी पत्रातलं काही सांगितलं नव्हतं, पण पत्र तर मला तोंडपाठ होतं.

अंबादास येमूल हे आमचे मालक. सोलापुरात युनिफॉर्म शिवणारे शेकडो असतील, पण येमूलांच्या शर्टाची कॉलर तीन वर्षं मान टाकत नाही असं शाळावाले म्हणायचे. इंजिनिअरिंग झाल्याबरोबर मी त्यांच्याकडं लागलो तो प्रॉडक्शन बघायला, आणि चार वर्षांत कापड येण्यापासून माल जाण्यापर्यंत सगळं माझ्याकडं आलं. त्यांचा मुलगा पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत होता. तो इकडं फिरकणार नाही हे त्यांना कळून चुकलं होतं. मला ते मल्लू म्हणत. माझं नाव मल्लिनाथ हत्तुरे. मल्लू म्हणणारी माणसं जगात दोनच, एक माझी आई आणि दुसरे हे.

शिफारसपत्राच्या फॉर्मात एक प्रश्न होता. अर्जदारानं तुमच्याशी असहमती दाखवली असा एखादा प्रसंग सांगा. मालकांनी तो मला दोनदा वाचायला लावला. मग खुर्चीत मागं रेलून, डोळे मिटून त्यांनी सांगितलं होतं, “लिही. चार वर्षांत हा मुलगा एकदाही माझ्या शब्दाबाहेर गेला नाही. ईश्वरकृपेनं असा प्रसंग कधी आलेला नाही.”

हे इंग्रजीत टाइप करताना माझी छाती फुगली होती. दोनदा वाचून, स्पेलिंग तपासून मी ते स्वतःच्या हातानं पाठवलं होतं. बिझनेस स्कूलच्या दारावर आपणच आतून कडी लावावी तसला हा प्रकार.

मालकांना मी दुसऱ्या दिवशी सांगितलं. ते टेबलावरच्या मोजपट्टीची गुंडाळी करत बसले.

“म्हणजे तुझं वाटोळं मी केलो?”

“तसं नाही मालक. टाइप तर मीच केलं.”

“मी तुझं कौतुक केलो बे! माझा पोरगा माझं ऐकत नाही, हे ऐकतंय, म्हणून कौतुकानं लिहिलो. त्या लोकांना न ऐकणारी पोरं पाहिजेत होय?”

“भांडणारी पाहिजेत.”

“मग भांड की!” त्यांनी मोजपट्टी टेबलावर टाकली. “आजपासून भांड. पुढचं पत्र कधी द्यायचंय?”

“तेरा जानेवारी.”

“सहा महिने आहेत. रोज भांडायला दोघांनाही वेळ नाही. दर सोमवारी एकदा तू मला नाही म्हण. मी वहीत लिहून ठेवतो. जानेवारीत पंचवीस प्रसंग देऊ त्यांना. एक मागितलेत, पंचवीस देऊ.”

माणूस असा होता. मला हसूही येत होतं आणि भरूनही येत होतं. आपल्याला सोडून जाता यावं म्हणून हा माणूस आपल्याला भांडायला शिकवतोय, हे काही मला कळत नव्हतं असं नाही.

पहिल्या सोमवारी मी हिय्या करून केबिनमध्ये गेलो.

“मालक, खाकी शर्टाला हे पांढरं बटण नको.”

“नको?” त्यांनी शर्ट उलटासुलटा केला. “बरोबर आहे. मास्तरला सांग, बदल म्हणावं.”

झालं. भांडण संपलं. वहीत काय लिहावं हे दोघांनाही सुचेना. पुढच्या सोमवारी मी इस्त्रीच्या टेबलांची जागा चुकीची आहे म्हणालो. दुपारपर्यंत टेबलं हलली. तिसऱ्या खेपेला ते आधीच कपाळाला आठ्या घालून बसले होते, मी तोंड उघडायच्या आत त्यांना हसू फुटलं. खरा वाद एकदाच झाला. कॅन्टीनच्या पोह्यांत शेंगदाणे फार असतात, कमी करा, असं मी म्हणालो, तेव्हा ते खरोखर खवळले. सोलापुरात राहून शेंगदाणे कमी? ते मात्र चालणार नाही! तो प्रसंग त्यांनी मोठ्या अक्षरांत वहीत लिहिला. तो वाचून बिझनेस स्कूलवाल्यांचं मत बदलेल, असं मला काही वाटलं नाही.

बाकी मी माझ्या परीनं हातपाय मारत होतो. पहाटे उठून परीक्षेचा अभ्यास केला, मार्क वाढवले. पुण्यातल्या एका क्लासवाल्यानं समाजसेवा दाखवा असं सांगितलं म्हणून दोनदा रक्तदान केलं. निबंध अकरा वेळा लिहिले. पण प्रत्येक निबंधाशी आलो की तेच कोडं पडायचं. कुणाच्या विरोधात कधी उभा राहिलास? आणि माझ्याजवळ होते ते शेंगदाणे.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात इचलकरंजीहून कापड आलं. सात शाळा चालवणाऱ्या एका संस्थेची ऑर्डर होती. अकरा हजार मुलांच्या निळ्या चड्ड्या. कापड धन्यकुमार शेठचं होतं. मालकांचे वडील गेले, मागं बंद पडलेले यंत्रमाग तेवढे राहिले, त्या दिवसांत सगळ्यांनी पाठ फिरवली आणि या धन्यकुमारांनी नुसत्या शब्दावर कापड दिलं, ही गोष्ट कारखान्यातल्या प्रत्येकानं शंभरदा ऐकली होती. तीस वर्षांत त्यांच्या कापडाची आम्ही कधी चाचणी घेतली नव्हती. इतर कुणाचंही कापड आलं की मी तुकडा कापून धुऊन बघायचो. धन्यकुमारांचं आलं की थेट टेबलावर.

का कुणास ठाऊक, यावेळी ताग्यांची गाठ उघडली तेव्हा कापड हाताला वेगळं लागलं. मी कुणाला न बोलता एक तुकडा घरी नेला. रविवारी त्यावर पन्नास सेंटिमीटरचा चौकोन आखला आणि आईला धुवायला दिला. तीनदा धुतला, तीनदा वाळवला. आई म्हणाली, “कारखान्यात पाणी नाही का रे तुमच्या?” संध्याकाळी मी चौकोन मोजला. सत्तेचाळीस.

कापड थोडंफार आटतंच. अर्धा-एक सेंटिमीटर आम्ही मापातच धरतो. पण तीन म्हणजे जूनमध्ये घेतलेली चड्डी गणपतीपर्यंत पोराला बसणार नाही. बसली तर शिवणीतून उसवणार. आणि ज्या शाळांची ही ऑर्डर होती तिथल्या बऱ्याच घरांत वर्षाला एकच चड्डी घेतली जाते, हे मला मालकांच्या दुकानातल्या अनुभवावरून माहीत होतं.

सोमवारी मालक नऊला येऊन केबिनमध्ये बसले. रोज साडेदहाला ते कटिंग हॉलमध्ये यायचे. ते आले तेव्हा लांब टेबलावर निळ्या कापडाचे ऐंशी थर अंथरून झाले होते आणि बशीर मास्तर खडूनं खुणा तपासत होते. बशीरभाई म्हणजे वीस वर्षांपासूनचे कटिंग मास्तर. मालकांनंतर त्या हॉलमध्ये त्यांचाच शब्द. कटिंगच्या चिठ्ठीवर माझी सही झाल्याशिवाय कापडाला मशीन लावायचं नाही, हा नियम मालकांनीच घातलेला. मास्तरांनी चिठ्ठी माझ्यापुढं धरली.

मी ती घेतली नाही. एकदा कॅलेंडरकडं बघितलं. “मालक, हे कापड कापायचं नाही,” मी म्हणालो.

मालकांनी माझ्याकडं बघितलं, भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघितलं आणि त्यांचा चेहरा एकदम खुलला.

“सोमवार!” ते म्हणाले. “वा! आज बरोबर जमवलास. आवाजसुद्धा चढवलास. बघ की मास्तर, पोरगं तयार झालं. आज वहीत चांगलं लिहू. चल, कर आता सही.”

“मालक, हे ते नव्हे.”

“काय?”

“हे सोमवारचं नव्हे. कापड आटतंय. मी घरी धुऊन बघितलो. पन्नासला तीन.”

मी खिशातून तुकडा काढून टेबलावर ठेवला. मालकांनी त्याला हात लावला नाही. चेहऱ्यावरचं हसू पुसायला त्यांना थोडा वेळ लागला. नाटक संपलं आहे हे ज्याला कुणी आधी सांगितलं नाही, अशा माणसासारखे ते उभे होते.

“धन्यकुमारचं कापड तू धुऊन बघितलास?”

“होय.”

“मला न विचारता?”

“विचारलं असतं तर तुम्ही धुऊ दिलं असतं?”

बशीर मास्तरांनी खडू खाली ठेवला. “मल्लिनाथभाऊ, चला ना, केबिनमध्ये बसून बोलू,” ते हळूच म्हणाले. मी ऐकलं नाही.

“तीस वर्षं,” मालक म्हणाले. “तीस वर्षांत त्यानं मला एक मीटर खराब दिलं नाही. तो आटणारं कापड देईल? तुझ्या आईनं उकळत्या पाण्यात घातलं असेल.”

“गार पाण्यात धुतलंय. तुम्हीही धुऊन बघा.”

“मी धुऊन बघू? त्याच्यावर संशय घेऊ?” आता त्यांचा आवाज नेहमीच्या उंचीला गेला; तो आवाज खालच्या मशिनींवरूनसुद्धा ऐकू जायचा. “कळलं मला सगळं. तुला पत्रात घालायला काहीतरी मोठं पाहिजे. शेंगदाणे पुरत नाहीत. म्हणून तुझ्या कॉलेजपायी तू माझ्या मित्राची अब्रू काढायलास!”

हे ऐकून माझं डोकं फिरलं. एखादी गोष्ट निम्मी खरी असली की ती अशी झोंबते, हे मला पुढं कळलं.

“तुम्हाला तुमची मैत्री दिसते,” मी ओरडलो. “अकरा हजार पोरांच्या फाटक्या चड्ड्या दिसत नाहीत! मैत्री सांभाळायची तर स्वतःच्या पँटी शिवा की या कापडाच्या!”

जिन्याशी गठ्ठे बांधणाऱ्या दोन बायका होत्या, त्या हात थांबवून बघायला लागल्या. मालकांनी मास्तरांच्या हातातून चिठ्ठी घेतली, खिशातलं पेन काढलं आणि माझ्या नावापुढं स्वतःची सही केली.

“उद्यापासून तू नवी पेठेतल्या दुकानात बस,” ते म्हणाले. “कारखान्यात यायचं नाही.”

मी जिना उतरलो. निम्म्यावर आलो तेव्हा वर कटिंग मशीन सुरू झाल्याचा आवाज आला.

दुकानात डिसेंबर म्हणजे माशा मारायचे दिवस. गॅदरिंगसाठी कुणी टाय मागायला यायचं, कुणी मोजे. मी काउंटरमागं बसून पोरांच्या कमरा मोजायचो आणि विचार करायचो. आठ-दहा दिवसांनी बशीर मास्तर बाजाराला आले होते, ते डोकावले.

“माल वापस गया,” त्यांनी सांगितलं. “टेबलावरचे ऐंशी थर कापले, तेवढेच. दुसऱ्या दिवशी मालक नुसतं म्हणाले, गाठी भरा. इचलकरंजीला पाठवल्या टेम्पोनं.”

“माझ्याबद्दल काही?”

मास्तरांनी मान हलवली. “तुमचं नाव निघालं की उठून जातात.”

पोरांच्या चड्ड्या वाचल्या, याचं मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, त्याहून जास्त माझ्या पत्राचं वाईट वाटलं. वर्षभर ज्या एका प्रसंगाशिवाय माझं अडलं होतं, तो घडला होता. अस्सल, धडधडीत, साक्षीदारांसमोर घडला होता. आणि तो ज्यानं लिहायचा तोच माणूस माझ्याशी बोलत नव्हता. दुसऱ्या कुणाचं पत्र चालत नव्हतं. सध्याच्या वरिष्ठांचंच हवं, असा नियम होता.

वडील म्हणाले, “जा, माफी माग आणि पत्र घेऊन ये.”

“कशाची माफी मागू?”

“ओरडलास त्याची.”

“आणि मग काय म्हणू? मी तुमच्याशी भांडलो त्याबद्दल माफ करा, आणि आता मी तुमच्याशी भांडलो असं लिहून द्या?”

वडिलांना हसू आलं. मला आलं नाही. बिझनेस स्कूलच्या साइटवरून मालकांच्या ईमेलवर पत्राची लिंक गेली होती. माझ्या पानावर शिफारसपत्रापुढं लाल अक्षरांत ‘प्राप्त नाही’ असं दिसायचं. मी ते दिवसातून दहा वेळा बघायचो. मालकांना ईमेल उघडता येत नाही, हे मला माहीत होतं. गेल्या वर्षी त्यांचा ईमेल मीच तर उघडला होता.

तेरा जानेवारी म्हणजे सोलापुरात अक्षतेचा दिवस. सिद्धरामेश्वरांच्या यात्रेत त्या दिवशी त्यांच्या काठीबरोबर कुंभारकन्येचं लग्न लागतं आणि अर्धं शहर पांढरे कपडे घालून रस्त्यावर येतं. दुकानं, कारखाने, ऑफिसं, सगळं बंद. आमच्या घरातले सगळे सकाळीच बाहेर पडले. मी पोट दुखतंय म्हणून घरी राहिलो. आईला ते पटलं नाही.

दहा वाजता ‘प्राप्त नाही’. अकरा वाजता ‘प्राप्त नाही’. मी अर्जाचा बाकीचा भाग चौथ्यांदा वाचला. मग मनाशी ठरवलं की पुरे झालं. मालकांनी नाही दिलं तर त्यांचं काही चुकलं नाही; पुढच्या सीझनला कारखान्यात परत घेतलं तर काम करायचं, नाही घेतलं तर दुसरीकडं बघायचं. एवढं ठरवून मी स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यालो आणि परत येऊन पान पुन्हा उघडलं. लाल अक्षरं नव्हती. हिरव्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘प्राप्त. ११.४२.’

मी कॉम्प्युटर बंद केला, पांढरा सदरा घातला आणि गर्दीत गेलो. अक्षता पडल्या तेव्हा मी दोन्ही मुठी भरून उधळल्या. आत काय लिहिलंय याची मला कल्पना नव्हती. शिव्या असतील तरी चालतील, असं त्या घटकेला मनापासून वाटलं.

फेब्रुवारीअखेर मुलाखतीचं बोलावणं आलं. पुण्यातल्या एका हॉटेलची खोली होती. एक वयस्कर प्राध्यापिका आणि त्यांच्याशेजारी तिथूनच शिकून गेलेले एक गृहस्थ. पहिली पंधरा मिनिटं आकड्यांत आणि निबंधांत गेली. मग बाईंनी फाइलीतून दोन पानं काढली.

“तुमच्या मालकांनी फार मोठं पत्र लिहिलंय,” त्या म्हणाल्या. “सहसा मी पत्रातलं उमेदवाराला वाचून दाखवत नाही. पण यात त्यांनीच विनंती केली आहे, की शेवटचा परिच्छेद याला वाचून दाखवा. त्याच्यासमोर बोलायला मला जमत नाही, असं लिहिलंय.”

त्यांनी चष्मा लावला.

“‘कापडाबद्दल त्याचं बरोबर होतं. त्याच दिवशी मी एक चड्डी शिवून घेऊन घरी नेली आणि तीन वेळा धुतली. बायकोला सांगितलं नाही, स्वतः धुतली. दुसऱ्या दिवशी कापड परत पाठवलं आणि माझ्या मित्राला स्वतः फोन केला. त्याच्या मुलानं गिरणी बदलली होती, त्यालाही ठाऊक नव्हतं. आमची मैत्री आहे तशी आहे. पण हे सगळं मल्लिनाथनं माझ्या कटिंग मास्तरसमोर, कामगारांसमोर, ओरडून सांगितलं. केबिनमध्ये येऊन सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं का, ते मला माहीत नाही. बहुतेक नसतं ऐकलं. तरीही, समोरच्याचा मान ठेवून नाही कसं म्हणायचं, हे त्याला तुम्ही शिकवा. मला शिकवता आलं नाही, कारण मला स्वतःला ते येत नाही.’”

मी समोरच्या ग्लासातलं पाणी प्यालो.

“तुम्ही असं का केलंत, हे त्यांनी विचारलेलं नाही,” बाई म्हणाल्या. “मी विचारते. मास्तरांसमोर का बोललात? मालक सकाळी आल्या आल्या केबिनमध्ये जाऊन का नाही सांगितलंत?”

उत्तर तयार होतं. काम थांबवणं गरजेचं होतं, वेळ नव्हता, कापड टेबलावर होतं. शेवटी पाठवलेल्या निबंधात मी तेच लिहिलं होतं. ते तोंडाशी आलंही. पण त्या पत्रानंतर ते बोलायची मला लाज वाटली.

“वेळ होता,” मी म्हणालो. “मालक नऊला आले. मी साडेदहापर्यंत थांबलो.”

“कशासाठी?”

“साक्षीदार हवा होता.”

“कशाला साक्षीदार?”

“ह्या पत्रासाठी. कापड खरंच खराब होतं, ते मी कापू दिलं नसतंच. पण दार लावून सांगितलं असतं तर ते कुणाला दिसलं नसतं. गेल्या वर्षी तुम्ही मला घेतलं नाहीत, कारण मी कधी कुणाशी भांडलो नव्हतो. मला भांडताना कुणीतरी बघायला हवं होतं.”

त्या गृहस्थांनी मान वर केली. बाईंनी चष्मा काढला, पानं फाइलीत ठेवली आणि काहीतरी दोन ओळी लिहिल्या. मग “ठीक आहे” म्हणाल्या. संपलं.

खाली रस्त्यावर आलो तेव्हा आपण सगळं घालवलं, याबद्दल मला शंका नव्हती. आणि गंमत म्हणजे इतकं हलकं मला वर्षभरात वाटलं नव्हतं. तीन महिने जी गोष्ट मी मनातल्या मनात इकडून तिकडं सरकवत होतो, ती मी दोन अनोळखी माणसांना सांगून टाकली होती. स्टँडवर मी दोन प्लेट मिसळ खाल्ली आणि एसटीत सोलापूरपर्यंत झोपलो.

वीस दिवसांनी निकाल आला. त्यांनी मला घेतलं होतं.

दुपारचा एक वाजला होता. मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि थेट कारखान्यात गेलो. सीझन सुरू झाला होता. मशिनींच्या आवाजात कुणाला कुणाचं ऐकू येत नव्हतं. बशीर मास्तरांनी मला जिन्यावर बघितलं आणि नुसती केबिनकडं बोट केलं. मालक डबा खात होते. मी आत गेलो आणि, पहिल्यांदाच, दार लावून घेतलं.

“झालं?” त्यांनी विचारलं. माझा चेहरा बघूनच विचारलं असणार.

“झालं.”

त्यांनी भाकरीचा तुकडा तसाच हातात धरला. मग खाली ठेवला. डोळे पुसले आणि चटणी तिखट आहे म्हणाले.

“बस. उभा का राहिलास? पत्र सुनेनं टाइप केलं, पुण्यात. मी फोनवर सांगत होतो, ती लिहीत होती. सकाळपासून बसलो होतो. अक्षतेला जायचं राहिलं माझं.” मग पाण्याचा घोट घेऊन, “वाचून दाखवलं का त्यांनी?”

“दाखवलं.”

“काय विचारलं?”

“मास्तरसमोर का बोललास, असं विचारलं.”

“मग काय सांगितलास?”

मी एकदा दाराकडं बघितलं. “खरं ते सांगितलो. पत्रात यावं म्हणून तसं केलं. तुम्ही तेव्हा बोललात ते निम्मं खरं होतं, मालक. माझं चुकलं.”

मालकांनी डब्यातली दुसरी भाकरी काढली, मोडली, निम्मी माझ्यापुढं ठेवली.

“मला तेव्हाच कळलं होतं,” ते म्हणाले. “कॅलेंडरकडं मी नंतर बघितलो, तू आधी बघितला होतास.”

“माहीत होतं, तरी पत्र दिलंत?”

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं मी एखादा अगदीच सोपा हिशोब चुकलो होतो.

“कापड आटलं होतं की,” ते म्हणाले. “जेव.”